ऑनलाइन कॉमिक्स मागवताय? आधी माझ्या वहीतली ही पानं बघा

मागच्या आठवड्याच्या व्हिडिओत मी काउंटरमागच्या कॉमिक्सच्या रॅकवरून कॅमेरा फिरवला आणि तेव्हापासून एकच प्रश्न येतोय : "ताई, हा माल कुठून आणता? ऑनलाइन स्वस्त मिळतो ना, तिथून घेऊन विकला तर?" व्हिडिओत उत्तर द्यायला बसले असते तर तास गेला असता, शिवाय आकडे कानावरून जातात. म्हणून लिहायला घेतलं. वही-पेन घेऊन बसा. ज्यांना विकायचं नाही, फक्त पोरांसाठी चार कॉमिक्स मागवायची आहेत, त्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

आधी थोडं दुकानाबद्दल. आमचं स्टेशनरी-जनरलचं दुकान पडेगावला, दौलताबाद रोडपासून आत. रविवारी वेरूळला जाणाऱ्या गाड्या समोरून जातात, थांबत कोणी नाही. गिऱ्हाईक म्हणजे आसपासच्या कॉलन्या, मिटमिट्याकडची मंडळी आणि छावणीतली काही कुटुंबं. पप्पांच्या काळात दुकानात दोरीला कॉमिक्स लटकवलेली असायची. रुपया भाडं, दुसऱ्या दिवशी परत. मी बीबीए करत होते तेव्हा ती दोरी उतरली, कारण पोरांच्या हातात मोबाईल आला. रॅक परत लावायचं खूळ माझंच.

दोन वर्षांपूर्वीची एप्रिलमधली गोष्ट. जूनच्या सीझनसाठी, म्हणजे वह्या, दप्तरं, कंपासपेट्या यांसाठी, मी बारा हजार बाजूला ठेवले होते. होलसेलवाला वह्यांना उधारी देत नाही, रोख लागते. त्यातले ९,४०० रुपये मी एका मोठ्या ऑनलाइन साइटवर कॉमिक्समध्ये घातले. ९६ नग, तीन वेगवेगळे विक्रेते. डोक्यात हिशोब सोपा होता : सुट्ट्या लागणार, पोरं घरी, आया वैतागलेल्या. मे महिन्यात सगळं विकून पैसे परत डब्यात.

पार्सलं आली तेव्हा नात्यात लग्न होतं. खोकी न उघडता माडीवर टाकली. दहाव्या दिवशी उघडली तर १४ नगांचे कोपरे चेपलेले होते आणि २२ नग मराठीऐवजी हिंदी. परत करायची मुदत सात दिवसांची! पप्पा काही बोलले नाहीत, नुसते खोक्याकडे बघून म्हणाले, "रद्दीवाला किलोला किती देतो बघून ठेव." मला तेवढं पुरे झालं.

आज मी जे शिकवते ते त्या खोक्यातून निघालंय.

पुस्तकं आधी का ऑनलाइन गेली?

हे समजलं की बाकीचं सोपं जातं. अ‍ॅमेझॉन १९९५ मध्ये अमेरिकेत सुरू झालं ते पुस्तकं विकत. फ्लिपकार्ट २००७ मध्ये बंगळुरूला सुरू झालं, तेही पुस्तकांवरच. अ‍ॅमेझॉन जून २०१३ मध्ये भारतात आलं तेव्हाही पहिल्यांदा पुस्तकं आणि सिनेमे. एवढ्या हुशार लोकांनी साड्या किंवा चपला सोडून पुस्तकंच का धरली? कारण पुस्तकाला साइज नसते, एक्स्पायरी नसते, ते फुटत नाही, आणि प्रत्येकाला आयएसबीएन हा स्वतःचा नंबर असतो. मुंबईतलं आणि पडेगावातलं पुस्तक एकच. गिऱ्हाइकाने हात न लावता घेतलं तरी फसगत कमी.

कॉमिक्समध्ये मात्र या चार गोष्टींपैकी दोन उलट्या होतात. एक म्हणजे ते पातळ असतं. अमर चित्र कथेचा साधा अंक ३२ पानांचा, पिन मारलेला. जाड कादंबरी पार्सलमध्ये आपटली तर काही होत नाही, कॉमिक्सचा कोपरा लगेच दुमडतो, आणि कॉमिक्स घेणारा माणूस कोपरा बघतोच. दुसरं, जुन्या कॉमिक्सला आयएसबीएन नसतोच. म्हणजे वेबसाइटवर जे नाव लिहिलंय तेच घरी येईल याची पक्की खूण राहत नाही.

आणि तिसरी गोष्ट, सगळ्यात महत्त्वाची. कॉमिक्स स्वस्त असतं. ऐकायला चांगलं वाटतं, पण ऑनलाइन धंद्यात स्वस्त वस्तू म्हणजे दुखणं. हजाराच्या पुस्तकालाही पार्सलचा खर्च साधारण तेवढाच आणि शंभराच्या कॉमिक्सलाही तेवढाच.

माझ्या वहीतला हिशोब देते. आकडे गोल केलेत, पण तऱ्हा हीच. धरा, छापील किंमत १२० रुपये. ऑनलाइन २० टक्के सूट, म्हणजे ९६. एकच नग मागवला आणि डिलिव्हरी ४० रुपये लागली तर पडला १३६ ला. छापील किमतीच्या वर! दहा एकदम घेतले, डिलिव्हरी फुकट मिळाली, तर ९६० रुपये. विकून यायचे १,२००. नफा २४०, वीस टक्के कमिशन, छान वाटतं ना? आता त्यातला एक चेपलेला निघाला, विकला गेला नाही : नऊ नगांचे १,०८०. नफा १२०. आता समोर उभी राहिलेली वहिनी म्हणते, "ऑनलाइन तर सूट देतात, तुम्ही काहीतरी कमी करा." दहा टक्के सोडले की १०८ प्रमाणे नऊ नगांचे ९७२. हातात राहिले १२ रुपये. दहा कॉमिक्स मागवायची, उचलायची, लावायची, विकायची आणि कमाई एका कटिंग चहाची.

हाच माल वितरकाकडून ३५ टक्के कमिशनने घेतला तर ७८ प्रमाणे दहा नग ७८०, ट्रान्सपोर्टचे १०० धरा, झाले ८८०. तेच नऊ नग, तीच दहा टक्के सूट, तेच ९७२. उरले ९२. लई मोठी रक्कम नाही, पण धंदा म्हणता येईल. वितरकाचं कमिशन प्रकाशक, नगांची संख्या आणि तुमची ओळख यावर बदलतं, म्हणून फोन लावून विचारायचं. लाजायचं नाही.

मग ऑनलाइन खरेदीचा उपयोग काय? माझ्यासाठी ती चाचणी आहे. कोणती मालिका आपल्या भागात चालेल हे बघायला पाच-सात नग ऑनलाइन घ्यायचे, रॅकवर लावायचे, तीन आठवडे वहीत टिपण ठेवायचं. चाललं तर मग प्रकाशकाशी किंवा वितरकाशी बोलायचं. मी उलटं केलं. ९६ नगांची चाचणी कोणी करतं का?

त्या २२ हिंदी प्रतींचं काय झालं

हे सांगायलाच हवं, कारण इथे माझं नुकसान होता होता राहिलं. वेबसाइटवर नाव देवनागरीत, मुखपृष्ठाचं चित्र देवनागरीत. मराठी आणि हिंदी आवृत्तीचं मुखपृष्ठ लांबून सारखंच दिसतं. भाषेचा रकाना खाली बारीक अक्षरात असतो, तो मी वाचलाच नव्हता. चूक विक्रेत्याची नव्हती, माझी होती.

रागारागाने त्या प्रती पुढच्या ओळीत लावल्या, म्हटलं निदान दिसू तरी देत. तीन आठवड्यांत सगळ्या गेल्या. मराठी प्रती मात्र दिवाळीपर्यंत पुरल्या. पडेगाव-छावणीचा पट्टा बघा ना : लष्करातली कुटुंबं देशभरातून आलेली, मुस्लिम वस्ती मोठी, घरात हिंदी किंवा दखनी. शाळा इंग्रजी असो की मराठी, खेळताना पोरं हिंदीतच बोलतात. पस्तीस वर्षं इथे काढून मला हे दिसलं नव्हतं, चुकून आलेल्या खोक्याने दाखवलं. आता मी एक मराठीमागे दोन हिंदी ठेवते. औरंगपुऱ्यातल्या पुस्तकाच्या दुकानाने माझी नक्कल केली तर तो फसेल, कारण त्याचं गिऱ्हाईक वेगळं. तुमच्या गल्लीचं गणित तुम्हालाच मांडायचंय.

म्हणून ऑनलाइन कॉमिक्स मागवताना पान खालपर्यंत वाचा. भाषा कोणती, पानं किती, एक अंक आहे की संच, नवीन की वापरलेलं, आणि विक्रेता कोण. साइट मोठी असते, पण माल तिचाच असेल असं नाही. तिच्यावर हजारो विक्रेते बसलेले असतात, जसे छावणीच्या आठवडी बाजारात मैदान एकाचं आणि पाल दुसऱ्याचं. ग्राहक संरक्षणाचे ई-कॉमर्स नियम जुलै २०२० मध्ये आले. त्यांनुसार विक्रेत्याची माहिती दाखवणं आणि तक्रार अधिकारी नेमणं साइटला बंधनकारक आहे. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याच्या आत व्हायला हवं. तिथे काम झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. हे नंबर मी काउंटरच्या काचेखाली लावून ठेवलेत.

नवीन पुस्तकाचा आयएसबीएन तपासायची सवय लावा. तेरा आकडी असतो, सुरुवात ९७८ ने; भारतात छापलेल्या बहुतेक पुस्तकांवर त्यानंतर ८१ किंवा ९३ दिसेल. साइटवरचा नंबर आणि पुस्तकामागचा नंबर जुळला नाही तर आवृत्ती वेगळी आहे, भाषाही वेगळी असू शकते. हाच नंबर कॉपी करून प्रकाशकाच्या स्वतःच्या वेबसाइटवर किंवा बुकगंगासारख्या मराठी साइटवर टाका आणि किंमत ताडून बघा. कधीकधी छापील किमतीच्या तिप्पट-चौपट भाव लावलेला असतो आणि खाली लिहिलेलं असतं "फक्त एक शिल्लक". प्रकाशकाकडे तोच अंक ढीगभर पडलेला असतो. माझ्यासमोर असं दोनदा झालंय.

पार्सल आलं की त्याच दिवशी उघडायचं. लग्न असो, बारसं असो. मोबाईल उभा करून, पत्त्याचं लेबल दिसेल असं धरून, कात्री लावण्यापासून शेवटची प्रत पालथी करेपर्यंत एकच सलग व्हिडिओ. माझ्या १४ चेपलेल्या प्रती मी निम्म्या किमतीत काढल्या, त्या व्हिडिओच्या अभावी.

जुनी कॉमिक्स : इथे सांभाळून

आता ज्यासाठी मुळात हा लेख लिहायला घेतला तिथे येते. नवीन मालात नुकसान झालं तरी थोडं होतं. जुन्या मालात माणूस भावनेवर चालतो आणि भावना महाग पडते.

थोडी पार्श्वभूमी. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केली, ती १९९० पर्यंत चालली. वेताळ म्हणजे फँटम, मँड्रेक, आणि पुढे १९७६ मध्ये आबिद सुरतींनी आणलेला बहादूर. इंग्रजी, हिंदीबरोबर मराठीतही हे अंक निघत. अमर चित्र कथा १९६७ ची, अनंत पै यांची. तिच्यातली चित्रं बघाल तर राम वाईरकर, प्रताप मुळीक अशी आपल्याकडची नावं सापडतील. मुळीकांनी पुढे राज कॉमिक्सचा नागराजही काढला. प्राण यांचे चाचा चौधरी १९७१ चे. डायमंड कॉमिक्स १९७८ ची. जी पोरं हे वाचत होती ती आज चाळीस ते सत्तर वर्षांची आहेत, त्यातल्या बऱ्याच जणांकडे पैसा आहे, आणि आईने रद्दीत घातलेला अंक परत मिळाला तर ती छापील किमतीच्या कितीतरी पट द्यायला तयार असतात. म्हणजे बाजार खरा आहे. म्हणूनच तिथे लबाडही आहेत.

आमच्या बॅचमधला एक मुलगा. मिटमिट्याचा, आयटीआय झालेला, वाळूजला कंत्राटी कामाला. भिशीचे ४०,००० उचलले होते आणि स्वतःचं काहीतरी सुरू करायचं होतं. एका रात्री त्याने मला सोशल मीडियावरच्या एका पानाचे फोटो पाठवले : जुन्या कॉमिक्सचा लॉट, ३०० नग, मराठी इंद्रजाल, अमर चित्र कथा, काही हिंदी. किंमत ४०,०००. सोबत त्याचा मेसेज : "ताई, एक अंक ३०० ला गेला तरी ९०,००० होतात. ५०,००० सुटतात. घेऊ का? दुसरं गिऱ्हाईक तयार आहे म्हणतोय तो, आज रात्रीच पैसे टाकायचेत."

मी लगेच फोन लावला. म्हटलं, अरे, ३०० नग महिन्याला किती विकशील? तो गप्प. तुझ्याकडे आज ३०० रुपये देणारे किती लोक आहेत, नावं सांग. एकही नव्हतं. ४०,००० भिशीचे म्हणजे हप्ता दर महिन्याला ठरलेला. माल चार महिन्यांत गेला नाही तर हप्ता कुठून? पगारातून. आणि कंत्राट संपलं तर? त्याची बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली. मला हे सगळं माहीत होतं, म्हणून आवाज जरा चढलाच माझा.

तरी पोराचा चेहरा डोळ्यासमोर आला. म्हटलं, बरं, आधी ३० नगांचा नमुना मागव. चांगला निघाला तर पुढचं बघू. विक्रेत्याने कुरकूर करून ३,५०० रुपये सांगितले, यूपीआयवर, आधी. पोराने टाकले.

पार्सल आलं. आम्ही दुकानातच उघडलं, व्हिडिओ काढत. १२ नग चक्क झेरॉक्सछाप : कोणीतरी स्कॅन करून नव्या चकचकीत कागदावर काढलेले. ९ नगांची मधली पानं किंवा मुखपृष्ठ गायब. राहिले ९, ते अस्सल. फोन केला तर त्याने ब्लॉक केलं होतं. पान दोन दिवसांत गायब. १९३० वर तक्रार नोंदवली, नंबर मिळाला, पैसे आजतागायत नाहीत.

सगळे मला म्हणतात, ताई तुम्ही त्याचे ३६,५०० वाचवले. खरंय. पण ३,५०० माझ्या सांगण्यावरून गेले हेही खरंय. नमुना मागव असं सांगून मी मोकळी झाले. नमुना मागवण्याआधी काय विचारायचं ते सांगितलंच नाही. आता सांगते.

फोटोवर पैसे टाकायचे नाहीत. विक्रेत्याला व्हिडिओ कॉलवर घ्या, आणि कुठला अंक उघडायचा ते तुम्ही सांगा. "तो डावीकडून पाचवा, मधलं पान दाखवा." पिना बघा. जुन्या अंकाच्या पिना गंजलेल्या असतात, कागदावर तांबूस डाग असतो. कागद कडेकडून आत पिवळा पडत जातो. सगळं पान एकसारखं पिवळं असेल तर तो स्कॅनमधला पिवळेपणा आहे, छापलेला. रंग भिंगातून बघा, जुन्या छपाईत बारीक ठिपके स्वच्छ दिसतात, कधी एक रंग जरा सरकलेला असतो. नकलेत ठिपक्यांवर ठिपके चढून चिखल होतो आणि अक्षरांच्या कडा पुसट. पानं मोजायला लावा. आणि शक्य असेल तर अशा साइटवरून घ्या जिथे माल पोचेपर्यंत पैसे अडकून राहतात. "दुसरं गिऱ्हाईक तयार आहे" हे वाक्य ऐकलं की फोन ठेवा, हे मी सगळ्या धंद्यांसाठी सांगते.

त्या १२ नकली प्रतींबद्दल पोराने विचारलं, "ताई, या स्वस्तात काढू का? कोणाला कळतंय?" मी त्याला कॉपीराइट कायदा दाखवला, १९५७ चा, कलम ६३. नकली प्रत जाणूनबुजून विकणाऱ्यालाही सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख दंड होऊ शकतो. फसवणारा पळाला आणि काउंटरवर सापडणार तुम्ही. आम्ही त्या फाडल्या. त्याच्या हाताने फाडायला लावल्या, मला वाईट वाटलं, पण लावल्या. अस्सल जुनी प्रत, विकत घेतलेली, ती परत विकायला काही अडचण नाही.

९ अस्सल नगांपैकी ४ त्याने पुण्याच्या एका संग्राहकाला १,६०० ला दिले. प्रत्येक पानाचे फोटो पाठवून, दोष आधी सांगून. ५ अजून त्याच्याकडे आहेत. खड्डा १,९०० चा.

पाठवायचं झालं तर

पुण्याला चार अंक पाठवताना आम्हाला पोस्टाचा नाद लागला. पूर्वी पुस्तकांसाठी रजिस्टर्ड बुक पोस्ट होतं, स्वस्त. डिसेंबर २०२४ मध्ये ते बंद झालं, पुस्तकवाल्यांनी बरीच ओरड केली. मग १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' आलं : ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपयांपासून, ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक छापील साहित्यासाठी आहे. जाहिरातींचा मजकूर चालत नाही, आणि पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव असावं लागतं. विमानाने जात नाही, वेळ लागतो. तुमची कॉमिक्स त्यात बसतात का हे आधी खिडकीवर प्रत दाखवून विचारा, मग गिऱ्हाइकाला पोस्टेज सांगा. किमती प्रतीला मी स्पीड पोस्टच वापरते.

पॅकिंग साधं : प्लास्टिकची पिशवी, दोन्ही बाजूंना पुठ्ठा कॉमिक्सपेक्षा बोटभर मोठा, म्हणजे कोपरा आतच राहतो. पुठ्ठे किराणावाल्याकडून फुकट मिळतात.

जीएसटीचं विचारतात सगळे. छापील पुस्तकांवर, मुलांच्या चित्रांच्या पुस्तकांवर जीएसटी शून्य आहे. फक्त पुस्तकंच विकत असाल तर त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. पण कुरिअर आणि साइटच्या कमिशनवर जो १८ टक्के लागतो तो तुम्हाला परत मिळत नाही, खर्चातच धरा. सोबत पेन, दप्तरं ऑनलाइन विकायला लागलात की नियम बदलतात, तिथे सीएला पाचशे रुपये द्या आणि नीट विचारा. परदेशातून मागवलेल्या पुस्तकांवर २०१९ च्या बजेटपासून ५ टक्के कस्टम ड्युटी आहे, त्यामुळे बाहेरच्या साइटवरची डॉलरमधली किंमत बघून लगेच गुणाकार करू नका.

एक गोष्ट परतीच्या बोलीबद्दल, कारण पुढच्या टप्प्यावर तुम्हाला वितरक ती देईल. अमेरिकेत १९७० च्या दशकात कॉमिक्सवाल्यांनी पद्धत बदलली : परत करायचं नाही, पण कमिशन जास्त. त्यावर तिथली खास कॉमिक्सची दुकानं उभी राहिली. त्यांना माल पुरवणारी मोठी कंपनी होती डायमंड कॉमिक डिस्ट्रिब्युटर्स, आपल्या डायमंडशी संबंध नाही. जानेवारी २०२५ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. मग भांडण लागलं ते प्रकाशकांनी तिच्या गोदामात विक्रीसाठी ठेवलेल्या मालावर : तो कोणाचा? इतक्या मोठ्या लोकांचं हे होतं, तर तुम्ही शेजारच्या दुकानात दहा कॉमिक्स "विकली की पैसे द्या" म्हणून ठेवाल तेव्हा निदान वहीवर सही घ्या. किती नग, कोणाच्या मालकीचे, परत कधी. माझी तीन पुस्तकं अशीच एका ओळखीच्या दुकानातून गेली ती गेलीच.

माझ्या ९,४०० चं काय झालं? मे अखेर ५,१०० परत आले होते. जूनला वह्या कमी भरल्या, दोन गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात गेली, त्यातलं एक अजून तिकडेच जातं. बाकीचे पैसे दिवाळीपर्यंत थेंबाथेंबाने आले. आता कॉमिक्ससाठी वेगळा डबा आहे, जूनच्या पैशाला त्यातून हात लागत नाही. एका वेळी २,००० च्या वर माल नाही.

तो मुलगा अजून वाळूजलाच आहे. भिशीतले बहुतेक पैसे त्याने तसेच ठेवले, बाळंतपणाला लागले. मागच्या रविवारी दुकानात आला तो ऑर्डर घेऊन. एका सोसायटीत मुलीचा वाढदिवस, रिटर्न गिफ्टची २५ पाकिटं, प्रत्येकात दोन कॉमिक्स. छापील किंमत ६० वाली, पाकिटाचे १२० आणि पॅकिंगचे १०. एकूण ३,२५०. माझ्या वितरकाकडून ३५ टक्के कमिशनने ५० नग १,९५० ला, आणायचे १२०, कागद-रिबीन १५०. खर्च २,२२०. सुटले १,०३०.

मी विचारलं, "आणि पैसे? माझ्याकडून उधार मागायला आलास का?"

म्हणाला, "नाही ताई, त्यांच्याकडून २,००० ॲडव्हान्स घेतलेत. माझे फक्त २२० घालायचेत." मग जरा थांबून, "पंचवीसमधली दहा पाकिटं हिंदीची करा म्हणाल्या त्या. मी विचारलं होतं आधी."